आतल्या शिवणीचा दोरा

१

माझी मान अकरा वर्षं दुखत होती आणि त्या अकरा वर्षांत मी एकही रफू वाकडा केला नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणायचे, बाई दुखण्याने पिचली आणि तिला काहीबाही दिसायला लागलं. मी पिचणाऱ्यांतली नाही. आमच्याकडे पिचायचं खातं नवऱ्याकडे आहे, आणि तेही हवा दमट असली आणि कपडे वाळले नाहीत तरच.

आमची लाँड्री म्हणजे एकच लांबट खोली. रस्त्याकडे काउंटर आणि नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल, मधे खिडकीपाशी माझं बुटकं टेबल, दिवा आणि खुर्ची. मागे जाड निळा पडदा, पडद्याआड एक खाट, हात धुवायची जागा आणि आमचे जेवणाचे डबे. पुढच्या भिंतीला गिऱ्हाइकांसाठी माणसाच्या उंचीचा आरसा लावलाय. तीस वर्षं त्यांनी उभ्याने इस्त्री केली आणि मी बसून रफू केला. मी म्हणायची, अहो, टेका जरा. ते म्हणायचे, अगं, ऊठ जरा. दोघांनीही कधी ऐकलं नाही आणि संसार छान झाला.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. जिथे भोक पडलंय तिथे कापड पुन्हा विणायचं, एकेक धागा आडवा-उभा. आणि दोरा बाजारातला चालत नाही. बाहेरचा दोरा कितीही जुळता आणा, दोन धुण्यांत चुगली करतो. दोरा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, जिथे कुणी बघत नाही तिथून. हे मला माझ्या मावशीने शिकवलं. तिने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक, रफू सुरू केला की मधे सोडायचा नाही, कारण तोवर कडा मोकळ्या केलेल्या असतात आणि अर्धा सोडलेला रफू भोकापेक्षा वाईट. दुसरी, शेवटचा टाका उलटा, तीन धाग्यांच्या खालून डावीकडे घ्यायचा. गाठ मारायची नाही. असा टाका मावशी घ्यायची आणि आता मी घेते. बाकी कुणाच्या हातचा मी पाहिलेला नाही.

आतली शिवण किती देते याला मात्र हद्द असते. एक गृहस्थ त्यांचा करडा कोट घेऊन तीन वेळा आले, तिन्ही वेळा सिगारेटने पडलेली भोकं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आत आता काढण्यासारखं काही उरलं नाही हो. ते हटून बसले. कोट लाडका होता. मीही तोऱ्यात होते, करून दिला. दुकानात घालून बघितला तेव्हा इतका सुरेख दिसला की मीच स्वतःवर खूश झाले. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि माझा निरोप घ्यायला त्यांनी हात वर केला. काखेपासून खालपर्यंत सगळी बाजू उसवली. आवाजसुद्धा झाला नाही.

२

मान खाली घालून बसणाऱ्याची मान दुखणारच, त्याचं मला काही नव्हतं. शेक होता, गोळ्या होत्या, नवऱ्याच्या हातचं मालिश होतं. पण शेवटच्या वर्षी उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. सुई हातातून गळायची आणि मला पत्ताच नसायचा. एकदा ती एका गिऱ्हाइकाच्या बाहीत राहिली. त्यांना टोचलं तेव्हा कळलं. मी त्या दिवशी पडद्याआड जाऊन रडले. बोटं गेली तर माझ्यात राहतंच काय, असं मला वाटलं, आणि ते मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्यांनी इस्त्री बंद केली आणि त्याच दुपारी मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बारीक चणीचे, बोलायला मऊ. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवलं. दोन मणक्यांच्या मधली गादी झिजून मागे सरकली होती आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती. गळ्याकडून, पुढून शिरायचं. ती गादी काढून टाकायची. मोकळ्या जागेत हाडाचा तुकडा बसवायचा आणि वरून पट्टी आणि स्क्रू. वर्षभरात दोन मणके जुळून एक होतील. मान थोडी कमी वळेल, पण बोटं परत येतील.

मी विचारलं, हाड कुठलं? ते म्हणाले, हल्ली हाडांच्या पेढीतलं मिळतं, नाहीतर धातूचा ठोकळा बसवतात. पूर्वी पेशंटच्याच कमरेतून, डाव्या बाजूने, तुकडा काढायचे. पण त्याचा त्रास फार. माणसं मान विसरतात आणि कमरेच्या नावाने महिनाभर ओरडतात.

आता कुणीही शहाण्या बाईने पेढीतलं घ्या म्हटलं असतं. मी मेली रफूवाली. मी म्हटलं, बाहेरचा दोरा नको, त्याच कापडाचा घ्या. डॉक्टरांना कळेना, मग नवऱ्याने त्यांना शिवणीचं सगळं समजावून सांगितलं. आणि सांगता सांगता हसत म्हणाले, "तिच्या कमरेत आधीच काही नाही. माझं घ्या. घरचंच आहे."

आम्ही तिघंही हसलो. संमतीचा फॉर्म नवऱ्यानेच भरला, कारण माझ्या बोटांत पेन ठरत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि काय लिहिलंय ते वाचलं नाही. तीस वर्षांत त्यांनी भरलेलं काहीच मी कधी वाचलेलं नाही.

३

ऑपरेशन सकाळी झालं. चार तास लागले म्हणे. मला त्या चार तासांतलं एकच आठवतं, आणि ते मी स्वप्नातच धरते. मी माझ्या टेबलाशी बसले होते आणि रफू करत होते. दिवा जरा जास्तच प्रखर होता. कापड कुणाचं ते माहीत नव्हतं, पण काम नाजूक होतं आणि बोटं अगदी पूर्वीसारखी चालत होती. काय सुख झालं म्हणून सांगू. फक्त कापड कोमट होतं. नुकती इस्त्री फिरवलेलं असतं तसं नाही, त्याहून कमी. शेवटचा टाका उलटा घेतला आणि जाग आली.

घसा बसला होता, गिळताना पाणी अडत होतं, गळ्यात कॉलर होती. पण अंगठा माझा होता. मी चादरीची किनार अंगठा आणि बोटाच्या मधे धरली आणि मला तिची वीण लागली. अकरा महिन्यांनी लागली. मी चादर धरून ढसाढसा रडले, तर नर्स धावत आली. दुखतंय का विचारलं. मी मानेने नाही म्हणायला गेले, तर तिने डोकं धरून ठेवलं.

मग तिने चादर बाजूला करून कमरेची पट्टी बघायला सुरुवात केली. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कागद बघितला, पुन्हा डावीकडे बघितलं. तिथे पट्टी नव्हती. जखमही नव्हती. मी म्हटलं, तिथे काही दुखतच नाहीये. ती म्हणाली, औषधांमुळे कळत नसेल, आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेली. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण ऐनवेळी डॉक्टरांनी पेढीतलं वापरलं असेल, आपल्याला काय. बोटं परत आली होती. मला त्यावेळी कुणी म्हटलं असतं की तुमचा एक पाय काढलाय, तर मी म्हटलं असतं, ठीक आहे.

नवरा आत आले ते भिंतीला हात लावत. मी बसलेल्या घशानेच विचारलं, काय झालं? म्हणाले, बाहेरच्या बाकाने कंबर धरली. चार तास बसायचं म्हणजे काय, तुझ्यासारखं बसून काम केलं असतं तर सवय असती. नर्सही म्हणाली, काका जागचे हलले नाहीत, चहालासुद्धा उठले नाहीत. मी त्यांना स्वप्न सांगितलं. सुटी घे म्हटलं तर तिथेही काम काढलंस का, म्हणून ते हसले. खुर्चीत बसताना मात्र ते उजव्या अंगावर बसले.

४

घरी आले आणि सोन्यासारखे दिवस सुरू झाले. माझ्यासारख्या कटकट्या बाईने हे म्हणायचं म्हणजे बघा. सहा आठवडे कॉलर होती, वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं तर सगळं अंग वळवायचं. लेक लांबच्या शहरातून रोज फोन करायची आणि मी रोज सांगायची की आज काहीही दुखलं नाही. तिला खोटं वाटायचं. अकरा वर्षं तिने माझं दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

अंगावर दुखणं नसलं की घर केवढं मोठं होतं. कपातला चहा शेवटपर्यंत पिता येतो. उशी नुसती उशी असते. मी आरामखुर्चीत बसून खिडकीबाहेरच्या तारेवरचे पक्षी मोजत बसायची आणि नवरा भाजी चिरायचे, उभे राहून, सगळा भार उजव्या पायावर देऊन.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग द्यायला लागले, कारण मला दुसरा उद्योग नव्हता. ते जिना चढताना आधी उजवा पाय टाकायचे आणि डावा मागून ओढून घ्यायचे. कपडे बदलायला न्हाणीघरात जायचे आणि आतून कडी लावायचे, जे त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. स्वतःचे पायजमे स्वतः धुवायचे. मी म्हटलं, लाँड्रीवाले तुम्ही, घरातही धुताय? म्हणाले, हात मोडून बसलेल्या बाईला कोण सांगणार. त्यांच्या बोलण्यात काही फरक नव्हता, तोच खवचटपणा. एकदा वाळत घातलेल्या पायजम्यावर, डाव्या बाजूला, कमरेखाली, धुऊनही न गेलेला एक फिकट डाग दिसला. चार बोटं लांबीचा. चहाचा असेल असं मी ठरवलं. आम्ही चहा सांडतो.

असं ठरवता येतं माणसाला. मी रोज काहीतरी ठरवत होते.

५

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी फोटो काढला. हाड इतकं छान धरलंय म्हणाले, की एवढ्या लवकर असं धरलेलं त्यांनी क्वचित पाहिलंय. कॉलर निघाली. मी हळूच विचारलं, डॉक्टर, हाड शेवटी पेढीतलं वापरलंत ना? त्यांनी फाईल उघडली. नाही, म्हणाले, कमरेतूनच घेतलं, डाव्या बाजूने, हे काय मीच लिहिलंय. मी म्हटलं, मग खूण कुठे आहे?

त्यांनी मला पडद्याआड नेऊन बघितलं. बोटांनी हाडाची कड दाबत दाबत मागेपर्यंत गेले. पाच-सहा सेकंद बघायला हवं, ते त्याहून बराच वेळ बघत राहिले. मग हात धुतले. काही काही लोकांची कातडी फार छान भरून येते, म्हणाले, आणि मानेच्या व्यायामाचं सांगायला लागले. माझ्याकडे न बघता सांगत होते.

फाईलमधला फॉर्म मला टेबलावर उलटा दिसत होता. उलटं वाचायची मला सवय आहे, कापडाची मागची बाजू बघण्यात जन्म गेलाय. हाडापुढे दोन पर्याय छापले होते, स्वतःचे आणि पेढीतले. दोन्हींवर काट मारली होती आणि शेजारी नवऱ्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, घरचे. खाली माझी वेडीवाकडी सही.

बाहेर आल्यावर मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, गंमत केली गं. कुणी वाचतं का असले कागद.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात बसायला लागले. पहिलं काम साधंच होतं, स्वेटरचं कोपर. सुई धरली आणि ती बोटांत राहिली. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, ऊन खिडकीतून माझ्या टेबलावर. पडद्यामागे नवरा गेले होते. मान मला आता मागे वळत नाही, पण समोरच्या आरशात सगळी खोली दिसते. पडदा चार बोटं उघडा राहिला होता.

ते अर्धे पाठमोरे उभे होते. सदरा दातांत धरला होता आणि कमरेवरची पट्टी सोडवत होते. खाली, डाव्या हाडाच्या कडेवर, मला ती ओळ दिसली. जखम टाके घालून शिवली की कशी दिसते ते मला माहीत आहे, माझ्या गळ्यावर आहे. ही तशी नव्हती. कातडी शिवली नव्हती, विणली होती. आडवे-उभे धागे, एकसारखे, बारीक, आणि दोरा कातडीच्याच रंगाचा. बघितल्याबरोबर मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते. काम सुरेख झालंय, असं आलं.

मग ऊन जरा सरकलं आणि ओळीचं टोक दिसलं. शेवटचा टाका उलटा होता. तीन धाग्यांच्या खालून, डावीकडे.

त्यांनी पट्टी बांधली आणि पडदा ओढून घेतला.

६

मी दोन दिवस बोलले नाही. मला राग कशाचा आला होता तेच मला ठरवता येईना. मला न विचारता दिलं याचा, की माझ्याच हातांनी घेतलं याचा. कापड कोमट होतं, हे मी त्यांना हसत हसत सांगितलं होतं आणि ते ऐकून हसले होते. मी स्वतःशी भांडत होते की हे शक्य नाही. मी गुंगीत होते, हात बांधलेले होते, खोलीत सहा माणसं होती. ते बाहेर बाकावर होते. सगळं शक्य नव्हतं आणि सगळं मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर मी म्हटलं, मी बघितलंय. ते जेवत राहिले. मी म्हटलं, दुखतं का? तर म्हणाले, जिन्यावर जरासं. मी म्हटलं, हे झालं कसं? कोणी केलं? ते पाणी प्यायले आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तुला बरं वाटतंय ना? मग झालं."

एवढंच. मी पुष्कळ तोंड वाजवलं, पण त्या विषयावर तो माणूस पुन्हा बोलला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही हळूहळू बोलायची थांबले. कारण मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. कामं येत होती आणि हातांखालून जात होती. मी पुन्हा गुणगुणायला लागले होते आणि ते इस्त्री करता करता माझं सूर चुकलेलं गाणं दुरुस्त करत होते. जिन्यावर मी त्यांचा हात धरायची. लोकांना वाटायचं, ऑपरेशन हिचं झालं म्हणून तो धरतोय. आम्ही त्यांना तसंच वाटू दिलं. एवढं सुख मला लग्नाच्या पहिल्या वर्षीही नव्हतं, आणि ते कुठून आणलंय ते मला माहीत होतं.

७

वर्ष पुरं झालं तेव्हा डॉक्टरांनी शेवटचा फोटो काढला. दोन मणक्यांचा एक झाला होता, जोड दिसतसुद्धा नव्हता. पण त्याच्या वरची गादी थोडी झिजायला लागलीय, म्हणाले. जोडलेल्या जागेचा भार शेजारी जातो, असं होतं कधीकधी. आत्ता काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. दुखलं, बोटं बधिर झाली, की सांगायचं.

कुणाला सांगायचं? नवरा बाहेर बसले होते, उजव्या अंगावर. मी बाहेर येऊन म्हटलं, सगळं झकास आहे, पुन्हा यायची गरज नाही. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि छान म्हणाले.

मी मनाशी पक्कं केलं होतं. दुखू दे, बधिर होऊ दे, सुई गळू दे. दुकान फक्त इस्त्रीवर चालवू. पण या तोंडातून अक्षर निघणार नाही.

तीन महिने काही झालं नाही. मग एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, एका वकिलांचं काळं जाकीट माझ्यापुढे होतं. छातीवर भोक. कडा मोकळ्या करून झाल्या होत्या, आतल्या शिवणीतून दोरा काढून सुईत ओवला होता आणि अंगठ्यात मुंग्या आल्या. ओळखीच्या मुंग्या. मानेत वरच्या बाजूला एक कळ उठली आणि दंडातून खाली गेली. मी श्वास धरला आणि मुद्दाम गुणगुणायला लागले.

काउंटरकडून त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "दुखतंय का?"

"नाही हो."

इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज आला. वाफ थांबली. जरा पडतो म्हणाले आणि माझ्या मागून गेले, एक पाय ओढत. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या. आरशात बघितलं तर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद होता.

मी हाक मारणार होते. अहो, खरंच काही नाही, असं म्हणणार होते. तेवढ्यात मुंग्या कमी झाल्या. आधी अंगठ्यातल्या, मग बोटातल्या. कळ दंडातून वर चढत चढत मानेपर्यंत आली आणि तिथे नाहीशी झाली. सुई बोटांत घट्ट होती. मांडीवरचं जाकीट कोमट लागलं.

उन्हाने असेल म्हणून मी खिडकीकडे बघितलं. आभाळ भरलेलं होतं. हात मात्र चालायला लागले होते, एक आडवा, एक उभा, आणि मी दोऱ्याच्या रंगाकडे बघितलं नाही. सवयीच्या हाताला रंग बघावा लागत नाही. सुई खाली ठेव, मी स्वतःला म्हटलं. ठेव ती. पण कडा मोकळ्या केलेल्या होत्या. मी आत्ता थांबले तर काय उघडं राहणार आणि कुठे, ते मला माहीत होतं. पडद्याआड काहीच आवाज नव्हता, खाटसुद्धा करकरली नव्हती.

म्हणून मी रफू पुरा केला. जन्मात केला नव्हता इतक्या मायेने केला, घाई न करता, एकेक धागा बघून. रडत होते, पण डोळे पुसायला हात मोकळा केला नाही. शेवटचा टाका उलटा घेतला.

पडद्याआडून त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

थोड्या वेळाने ते बाहेर आले. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. आता ते डाव्या पायावरही भार देत नव्हते आणि उजव्यावरही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल त्यांनी ओढलं आणि इस्त्रीच्या टेबलाशी बसले. तीस वर्षांत मी त्यांना बसून इस्त्री करताना पाहिलं नव्हतं. शेवटी ऐकलं तुझं, म्हणाले.

पाचच्या सुमाराला वकील आपलं जाकीट न्यायला आले. छातीवर बोट फिरवत राहिले, भोक कुठे होतं ते त्यांना सापडेना. तारीफ करून म्हणाले, जाता जाता माझा पांढरा शर्टही द्या, तो बघा वर. शर्ट सगळ्यांत वरच्या दांडीवर होता. नवरा स्टुलावरून उठले, हसले आणि त्यांनी उजवा हात वर न्यायला सुरुवात केली.

"राहू द्या," मी ओरडले. "हात वर करू नका."

वकील दचकले. नवऱ्याचा हात खांद्याएवढ्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हात हळूच खाली घेतला आणि पुन्हा बसले. मी उठले, स्टुलाला वळसा घालून पुढे गेले आणि वर बघितलं. अकरा वर्षं मला असं वर बघता येत नव्हतं. मान सहज गेली, जरासुद्धा दुखली नाही. शर्ट काढून मी वकिलांच्या हातात दिला.

वरच्या दांडीवरचे कपडे आता मीच काढते.